नवीन काही न घेता आपली स्टाईल परत कशी शोधायची: बेळगावकडच्या कपाटासाठी सविस्तर

आपल्या भागात, बेळगाव असो, खानापूर, निपाणी किंवा संकेश्वर असो, कुठल्याही बाईचं कपाट उघडा, कपड्यांना तोटा नसतो. वरच्या फळीवर आहेराच्या साड्यांची चळत, त्यातल्या निम्म्यांच्या घड्यासुद्धा मोडलेल्या नसतात, ओटीत आलेले ब्लाऊज पीस एका पिशवीत कोंबलेले, दिवाळीला माहेरून आलेलं ड्रेस मटेरियल न शिवता तसंच, आणि अंगावर मात्र रोज तेच चार-पाच कपडे. लग्नाला निघायची वेळ आली की परत घालायला काही नाही म्हणून गणपत गल्लीत किंवा खडे बाजारात चक्कर. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या कपाटातले बरेचसे कपडे आपण निवडलेलेच नसतात. ते नणंदेच्या, जावेच्या, दुकानात आग्रह करणाऱ्या माणसाच्या पसंतीचे असतात, आणि आपली स्वतःची पसंती त्या ढिगात कुठंतरी खाली गेलेली असते. ती वर कशी काढायची ते खाली क्रमानं लिहिलंय. यात नवीन कपडा घ्यायचा नाही, शिंप्याला आणि फॉल-पिकोवालीला द्यायचे तेवढेच पैसे.

कधी करायचं

जून ते सप्टेंबर अजिबात नको. आपल्याकडच्या पावसात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, बाहेर काढलेला रेशमी कपडा दमट होऊन परत आत जातो आणि दसऱ्याला काढावा तर घडीवर बुरशीचे ठिपके. पाऊस गेला की, ऑक्टोबरचं कोरडं ऊन पडायला लागलं की हे काम काढा, दिवाळीची साफसफाई तशीही करायची असतेच. पूर्ण सकाळ मोकळी ठेवा, आणि शक्यतो एकट्यानं करा, कारण बरोबर आई किंवा सासूबाई बसल्या की प्रत्येक साडीमागची गोष्ट निघते आणि काम राहतं तिथंच. गोष्टी चांगल्याच असतात, त्या दुसऱ्या दिवशी ऐका.

पहिली पायरी: सगळं बाहेर, आणि कुणी निवडलं त्याप्रमाणं वेगळं

सगळं म्हणजे सगळं. कपाट, पलंगाखालची ट्रंक, लॉफ्टवरची बॅग, शिंप्याकडं टाकून विसरलेले पीस, माहेरी राहिलेली साडी. पलंगावर आणि जमिनीवर जुन्या चादरी अंथरा आणि त्यावर काढा. बहुतेक जण साड्या एकीकडं, ड्रेस एकीकडं, कुर्ती एकीकडं असं लावायला घेतात, तसं करू नका. तीन ढीग करा: हे मी स्वतः आवडून घेतलं, हे मला कुणीतरी दिलं, आणि हे मी घेतलं पण घाईत, सेलमध्ये किंवा कुणाच्या तरी सांगण्यावरून. साड्या, ड्रेस, दुपट्टे, स्वेटर सगळं त्याच तीन ढिगांत.

आता पहिला ढीग बघा. तो बहुतेक वेळा सगळ्यात लहान निघतो, आणि त्याच्यात एक सारखेपणा असतो जो कपाटात मिसळलेलं असताना कधी दिसत नाही. रंग दोन-तीनच असतात, कापड एकाच जातीचं असतं, काठ एक तर सगळे बारीक किंवा सगळे रुंद. दुसऱ्या-तिसऱ्या ढिगातूनही हात लावल्यावर बरं वाटणारे कपडे पहिल्यात आणा, दिलेलं आहे म्हणून नावडतंच असं नाही, मावशीनं नेमकी आपल्याला शोभेल अशी साडी दिलेली असू शकते की. जे नुसतं दिलेल्या माणसाला वाईट वाटेल म्हणून ठेवलंय ते तिथंच राहू द्या. आज काही टाकायचं नाही, कुणाला द्यायचंही नाही. टाकायच्या विचारानं हात आखडतो आणि मग निवड नीट होत नाही.

दुसरी पायरी: फोनमधले फोटो

आरशापेक्षा फोटो खरं सांगतात, त्यातही दुसऱ्यानं नकळत काढलेले. मागच्या काही वर्षांचे बारशाचे, हळदीकुंकवाचे, यल्लम्माच्या जत्रेचे, ऑफिसच्या कार्यक्रमाचे फोटो काढून बसा आणि ज्यात आपण निवांत दिसतोय, पदर सावरत नाही, बाही ओढत नाही, असे दहा-पंधरा बाजूला काढा. मग वहीत प्रत्येकाचं लिहा: चेहऱ्याजवळ कुठला रंग आहे, गळा गोल की चौकोनी की कॉलरचा, बाही कुठपर्यंत, कापड सुळसुळीत की भरीव, काठ केवढा, केस वर की मोकळे.

आमच्या नात्यात एक वहिनी आहेत, निपाणीला बँकेत जातात, त्यांना पक्कं वाटायचं की आपल्याला फिके रंगच शोभतात, म्हणून कपाटात फिकट गुलाबी, पिस्ता, क्रीम असल्याच साड्या. वही घेऊन बसल्या तर बऱ्या वाटलेल्या जवळजवळ सगळ्या फोटोंत गडद रंग निघाला, वांगी, बाटली हिरवा, काळा, आणि ब्लाऊजची बाही कोपरापर्यंत. फिक्या साड्यांच्या फोटोंत त्यांचा एक हात कायम पदरावर, कारण त्या साड्या पातळ जॉर्जेटच्या होत्या आणि खांद्यावर टिकतच नव्हत्या. म्हणजे प्रश्न रंगाचा होता तेवढाच कापडाचाही होता. नुसत्या आरशासमोर उभं राहून हे कळलं नसतं, कारण तिथं आपण स्थिर उभे असतो आणि पदरही जागेवर असतो.

वहीतनं शेवटी चार-पाच ओळी निघतात. उदाहरणार्थ: साडीचं अंग गडद, उठून दिसणारा काठ, भरीव सुती किंवा रेशीम, कोपरापर्यंत बाही, गळा फार खोल नको. झाली की तुमची स्टाईल कागदावर. ट्रेंडमध्ये काय चाललंय ते यात कुठंच आलं नाही बघा.

तिसरी पायरी: उजेडात रंग बघणं

ट्यूबलाईटखाली आणि दुकानातल्या दिव्याखाली रंग फसवतात. सकाळी दहाच्या आसपास खिडकीजवळ बसा, उन्हात नको, उजेडात, तोंड धुतलेलं, मेकअप नाही. एकेक पदर किंवा दुपट्टा हनुवटीखाली धरा आणि कापडाकडं न बघता चेहऱ्याकडं बघा. डोळ्याखालचा काळेपणा वाढला, चेहरा ओढल्यासारखा दिसला तर तो रंग चेहऱ्यापासून लांब ठेवायचा, म्हणजे सलवारीला, परकराला, साडीच्या अंगाला चालेल पण ब्लाऊजला आणि पदराला नको. त्वचा एकसारखी दिसली तर तो ब्लाऊजचा रंग. गोरं-सावळं यावरून रंग ठरवायची जुनी सवय सोडून द्या. सावळ्या अंगावर हळदी पिवळा आणि आमसुली काय सुरेख दिसतात ते आपल्याकडच्या इरकल नेसलेल्या आज्यांना बघितलेल्या कुणालाही सांगायला नको.

चौथी पायरी: आपला आठवडा आणि आपले कपडे

कागदावर आठवडा मांडा. किती दिवस ऑफिस किंवा शाळा, किती वेळा बाजार, स्कूटरवर किती जायचं, महिन्यात किती कार्यक्रम. मग पहिल्या ढिगातले कपडे त्यापुढं लिहा. बहुतेकांचं असं निघतं की कार्यक्रमाचे कपडे तीस आणि कार्यक्रम महिन्याला एक, रोजच्या दिवसांना मात्र उडालेल्या रंगाच्या कुर्ती. यावर उपाय म्हणजे कार्यक्रमाच्या कपड्यांतल्या साध्या साड्या आणि ड्रेस रोजच्यात उतरवायचे. बारीक काठाची सुती साडी, जरी नसलेली इरकल, हे शाळेत कॉलेजात नेसायला एकदम चांगलं. चांगला कपडा राखून राखून घडीवरच विरतो, हे ज्यांनी आजीची ट्रंक उघडलीय त्यांना माहीत आहे.

पावसाळ्याचे कपडे मात्र वेगळे काढा. स्कूटरवरनं टिळकवाडीतनं कॅम्पात जाईपर्यंत सलवारीचा तळ चिखलानं भरतो. गडद रंग, घोट्याच्या वर राहणारी पँट, लवकर वाळणारं मिक्स कापड, हे चार महिन्यांचं. इथं पॉलिस्टर मिक्सला नाक मुरडू नका, जाड सुती कुर्ता जुलैत दोन दिवस वाळत नाही आणि कुबट वास धरतो. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीला शालीच बाहेर काढा, सत्कारात आणि आहेरात आलेल्या शाली प्रत्येक घरात आहेत आणि साध्या कुर्त्यावर त्या स्वेटरपेक्षा कितीतरी छान दिसतात.

पाचवी पायरी: शिंपी

सगळ्यात जास्त फरक इथं पडतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आवडणारा कपडा पडून राहतो त्याचं कारण बहुधा माप असतं. आधी ब्लाऊज उलटा करा आणि बाजूच्या शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेलं जास्तीचं कापड, किती सोडलीय ते बघा. चांगला शिंपी दोन्ही बाजूंना इंच-दीड इंच माया ठेवतो आणि त्यावर दोन-तीन टिपा असतात. बाहेरची टीप ठेवून आतली उसवली की ब्लाऊज तेवढा सैल होतो, हे घरीसुद्धा होतं. माया नसेल तर काखेत कळी घालता येते, रंग थोडा वेगळा असला तरी हाताखाली दिसत नाही. मुंढा घट्ट असेल तर नुसती बाजू सैल करून उपयोग नाही, बाही काढून परत बसवावी लागते, ते शिंप्याला स्पष्ट सांगा, नाहीतर छातीत ढगळ आणि काखेत घट्ट असा ब्लाऊज हातात येतो. बाही लांब हवी असेल तर ओटीतल्या पिशवीतला जवळच्या रंगाचा पीस काढून खाली पट्टी लावा, काठाची पट्टी असेल तर मुद्दाम केलेली डिझाईनच वाटते.

कपडे द्यायला जाताना मापाचा एक ब्लाऊज न्या, तोही सध्याच्या अंगाला बसणारा. लग्नातला नको. आणि काय करायचं ते चिठ्ठीवर लिहून त्या त्या कपड्याला पिन लावून द्या, गणपती-दिवाळीच्या गर्दीत तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. अल्टरचं काम शिंप्यांना नको असतं कारण वेळ जातो आणि पैसे कमी मिळतात, तेव्हा सीझन सोडून जा, जानेवारी-फेब्रुवारीत, आणि सगळे एकदम न देता तीन-तीन द्या. पैसे मात्र घासाघीस न करता द्या, हे काम नवीन शिवण्यापेक्षा किचकट आहे.

ड्रेस मटेरियल न शिवता पडलं असेल तर वहीतल्या ओळी वाचून शिवायला टाका. पॅकेटवरच्या फोटोसारखं शिवायची गरज नाही. फार लांब वाटणारी कुर्ती गुडघ्याच्या जरा वर कापली की रोजच्या पँटवर चालते. पाटियाला सलवारीत कापड भरपूर असतं, त्यातनं सरळ पँट निघते आणि वर उरलेल्या तुकड्यात बाह्या.

काही गोष्टी मात्र अल्टरला देऊ नका. रेशमी कापडावर जुन्या टिपेची भोकं तशीच दिसत राहतात, वेलवेटवरही तेच. आणि घडीवर जरी तुटायला लागलेली साडी कितीही आवडती असली तरी नेसण्याच्या यादीतनं काढा.

इरकल, खण आणि कशिदा, यांच्याबद्दल वेगळं

आपल्या भागातल्या कपाटात या तीन गोष्टी असतातच आणि नेमक्या त्याच नीट वापरल्या जात नाहीत. इरकलचं अंग सुताचं, काठ-पदर रेशमाचे किंवा आर्ट सिल्कचे, म्हणजे नकली रेशमाचे, आणि पदर अंगाला ताण्यातच फास घालून जोडलेला असतो, टोपतेणी म्हणतात तो हाच, लाल पदर पांढऱ्या नक्षीचा. वापरात नसलेली इरकल काढली की ती उजेडात आडवी धरा आणि हलक्या हातानं दोन्ही बाजूंनी ताणा. सूत सरकून जाळी दिसली तर अंग गेलं, पण काठ-पदर बहुतेक वेळा शाबूत असतात, ते उसवून साध्या सुती कापडाला लावता येतात. अंग घट्ट असेल तर कृपा करून कात्री लावू नका. कुर्ता शिवायला दुसरं कापड मिळेल, हातमागावरची जुनी इरकल परत मिळायची नाही. अंग धडधाकट असेल तर नेसा, गरज वाटली तर पदराला कुच्चू, म्हणजे गोंडे, बांधून घ्या, आणि ब्लाऊज बदला. इरकलवर आपण कायम पदराच्या लाल रंगाचा ब्लाऊज घालतो, त्याऐवजी पांढरा शर्ट, काळा साधा ब्लाऊज किंवा दुसऱ्याच रंगाचा खण घालून बघा, तीच साडी एकदम आजची दिसते.

खण बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचे, आणि ओटीत येऊन येऊन घरात दहा-बारा तरी साठतात. एकेक बाहेर काढून इस्त्री करा आणि वहीतल्या रंगांशी जमणारे चार निवडा. त्यातले दोन ब्लाऊजला टाका, अस्तर लावूनच, कारण खण शिवणीवर सरकतो आणि अस्तराशिवाय पाठीवर फाटतो. अस्तर आधी पाण्यात घालून आटवून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात आत चुण्या पडतात. उरलेले दोन साध्या कुर्त्याच्या गळ्याला, बाहीच्या टोकाला, शबनम पिशवीला. एका कपड्यावर एकाच जागी खण, सगळीकडं लावला की गर्दी होते.

धारवाडी कशिद्याची साडी किंवा कुर्ता असेल तर आधी उलटी बाजू बघा. हाताच्या कशिद्यात गाठ नसते, धागे मोजून टाके घातलेले असतात, आणि गवंती-मुरगी टाक्यात दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या दिसतात. मशीनचं काम असेल तर मागं धाग्यांचा गोळा किंवा कागदाचं अस्तर असतं. दोन्ही वापरा, पण हातकाम असेल तर ते वाशिंग मशीनमध्ये जाऊ देऊ नका. आईची काळी चंद्रकळा असेल, गोपुरं, पालख्या, तुळशीवृंदावनं भरलेली, तर ती फक्त संक्रांतीला कशाला, साध्या चांदीच्या किंवा काळ्या मण्यांबरोबर वर्षभर कुठंही नेसा.

कुठलं कापड खरं रेशीम आहे ते कळत नसेल तर आतल्या शिवणीतला एक धागा काढून, बशीवर चिमट्यात धरून जाळून बघा. रेशमाला जळक्या केसाचा वास येतो आणि राख चुरडली जाते, सुताला जळक्या कागदाचा वास, आणि पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. धुवायचं कसं, इस्त्री किती गरम, हे सगळं यावरून ठरतं.

सहावी पायरी: जोड्या लावा आणि फोटो काढून ठेवा

नियम एकच, प्रत्येक ब्लाऊज किमान तीन साड्यांवर चालला पाहिजे आणि प्रत्येक कुर्ता दोन खालच्या कपड्यांवर. मॅचिंग सेंटरमध्ये जाऊन साडीच्या अंगाला तंतोतंत जुळणारा ब्लाऊज शोधायची आपली सवय असते, त्यामुळं वीस साड्यांना वीस ब्लाऊज आणि त्यातले पंधरा बसत नाहीत. काठातला किंवा पदरातला दुसरा रंग उचला. काळा, आमसुली, मोहरी पिवळा आणि एक खणाचा, असे चार नीट बसणारे ब्लाऊज असले की बरंचसं कपाट चालतं. आरशासमोर जोडी घालून बघा, दोन मिनिटं खाली बसा, हात वर करा, वाकून चप्पल घाला, त्रास नाही झाला तर फोटो काढा आणि फोनमध्ये वेगळ्या अल्बमला टाका. चप्पल आणि कानातलंसुद्धा फोटोत येऊ द्या. सकाळी घाईत तो अल्बम उघडायचा, कपाट उपसायचं नाही.

पुरुषांचंही हेच, फक्त ढीग लहान असतो. चेक्सचे शर्ट बाजूला, प्लेन बाजूला, खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर येते का तेवढं बघा. पोट सैल-घट्ट करता येतं, खांदा दुरुस्त करणं अवघड. लग्नातलं जाकीट पांढऱ्या सुती कुर्त्यावर आणि साध्या शर्टवरही चालतं, शिवजयंतीच्या मिरवणुकीला दरवर्षी नवीन कुर्ता लागत नाही, तोच कुर्ता आणि नीट बांधलेला फेटा पुरतो.

सातवी पायरी: वापरून बघणं आणि ठेवणं

पुढचे दोन-तीन महिने सगळे हँगर उलट्या तोंडानं अडकवा आणि घातलेला कपडा धुवून आला की सुलट. शेवटी उलटे राहिलेले वेगळे काढून विचार करा: माप, ऋतू की मनच नाही. मापाचे शिंप्याकडं, ऋतूचे परत ठेवा, मन नसलेले दुसऱ्या ढिगात.

रेशमी साड्या प्लॅस्टिकच्या पिशवीत नकोत, आपल्याकडच्या दमट हवेत आत घाम धरतो. जुन्या धुतलेल्या मलमलच्या किंवा सुती धोतराच्या तुकड्यात गुंडाळा, तीन-चार महिन्यांनी घडी बदला म्हणजे जरी एकाच रेषेवर मोडत नाही. डांबर गोळी जरीला लागली की जरी काळी पडते, ठेवायचीच तर कापडाच्या पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवा, सुकलेला कडुलिंबाचा पाला त्यापेक्षा बरा. सेंट ब्लाऊजवर आणि पदरावर मारू नका, अंगाला लावून वाळल्यावर साडी नेसा.

आणि दुसऱ्या-तिसऱ्या ढिगात उरलेल्याचं काय करायचं ते आता, शेवटी. कोऱ्या साड्या ज्यांना खरंच नेसायच्यात त्यांना विचारून द्या, घरी कामाला येणाऱ्या मावशींना देतानाही त्यांना निवडू द्या, त्यांनाही पसंती असते. आहेरात फिरवायच्या असतील तर कुणाकडून आली ते चिठ्ठीवर लिहून घडीत ठेवा, आणि द्यायच्या आधी चिठ्ठी काढायची आठवण ठेवा. विरलेल्या सुती साड्यांची वाकळ शिवून घ्या, गावाकडं शिवणाऱ्या बायका अजून आहेत. हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी समाजाच्या बायका जी कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची वाकळ, शिवतात ती बघितली नसेल तर जरूर बघा, जुन्या कपड्यांचे तुकडे कडेपासून जोडत जोडत धावदोऱ्यानं आत आत येतात आणि कोपऱ्यांवर घडी घातलेल्या तुकड्यांची फुलं लावतात. वाकळेला फक्त सुतीच द्या. पॉलिस्टरच्या साड्या आत घातल्या तर वाकळ घसरते आणि घाम शोषत नाही, त्यांच्या बाजाराच्या पिशव्या शिवून घ्या, भाजीचं ओझं त्या चांगलं पेलतात.